जुन्या ट्रकच्या मागच्या आसाची तेलगळती : कारणे आणि दुरुस्ती

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने, टायरवरून खाली उतरलेला काळपट तेलाचा ओघळ सकाळी दिसतो. गाडी जुनी आहे, थोडे तेल गळणारच, असे म्हणून बहुतेक वेळा त्याकडे दुर्लक्ष केले जाते. इंजिनाखाली पडणाऱ्या थेंबांच्या बाबतीत अशी सबुरी एक वेळ चालून जाते. मागच्या चाकातून येणाऱ्या तेलाची गोष्ट निराळी आहे. हे तेल जमिनीवर दिसण्याआधी ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलेले असते आणि लायनरने ते पिऊन घेतलेले असते. सपाट रस्त्यावर हा दोष लक्षातही येत नाही. बोरघाटासारख्या उतारावर एका बाजूचा ब्रेक लागतो आणि दुसऱ्या बाजूचा घसरतो, तेव्हा मात्र तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच काही इंच व्यासाच्या एका कड्याची, म्हणजे ऑइल सीलची, दुरुस्ती ही जुन्या ट्रकच्या देखभालीतील महत्त्वाची बाब ठरते.

कोणते ट्रक?

भारतातील जुन्या ट्रकांचा विचार करताना काही नावे हमखास पुढे येतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये सहकार्य करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रकांचे उत्पादन सुरू झाले. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले आणि ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे टाटांचे चिन्ह आले. अशोक लेलँडचा कॉमेट आणि हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड हेही त्याच काळातले. महाराष्ट्रातील ऊस, कापूस, कांदा आणि सिमेंटची वाहतूक दीर्घकाळ या गाड्यांनी केली. त्यांतील ज्या आज टिकून आहेत, त्या बहुतांशी संग्राहकांकडे, चित्रपटांसाठी गाड्या पुरवणाऱ्यांकडे किंवा एखाद्या जुन्या वाहतूकदाराच्या आवारात आढळतात. अशा गाड्या फार चालत नाहीत. पण त्यांच्या सीलला नेमका हा आरामच मानवत नाही.

आसाची रचना

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मागच्या आसाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. मधल्या गोलाकार भागात क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाके व डिफरन्शियल असते आणि ते दाट गिअर ऑइलमध्ये बुडालेले असते. तेथून दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या जातात व त्यांच्या आतून चाके फिरवणारे दांडे, म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्ट, जातात.

आसाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मोटारगाड्या आणि हलक्या पिकअप गाड्यांत चाक थेट दांड्याच्या टोकावर बसवलेले असते. अशा दांड्याला चाक फिरवण्याबरोबर गाडीचे वजनही पेलावे लागते. यास सेमी-फ्लोटिंग म्हणतात. मोठ्या ट्रकांत मात्र चाकाचा हब आसाच्या नळीवर, दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर फिरतो. सारे वजन नळी पेलते आणि दांड्याकडे केवळ चाक फिरवण्याचे काम उरते. हा फुल-फ्लोटिंग प्रकार होय. चाकाच्या मध्यभागी बोल्टांच्या वर्तुळाने आवळलेली जाड पोलादी तबकडी दिसत असेल, तर तो आस फुल-फ्लोटिंग समजावा. बोल्ट काढून चाक न उतरवताही हा दांडा बाहेर ओढता येतो.

अशा अनेक आसांवर एका बाजूला दोन सील असतात, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिले सील नळीच्या टोकाशी असते व डिफरन्शियलचे तेल हबमध्ये येऊ देत नाही. दुसरे हबच्या आतल्या अंगाला असते व बेअरिंगचे ग्रीस ब्रेककडे जाऊ देत नाही. पहिले सील निकामी झाले, की तेल हबमध्ये शिरते, ग्रीस पातळ करते आणि दुसऱ्या सीलमधून ब्रेकमध्ये उतरते. दाट ग्रीस अडवण्यासाठी बसवलेले हे दुसरे सील पातळ तेलापुढे टिकत नाही. गळती डोळ्यांना दुसऱ्या सीलपाशी दिसते, म्हणून तेवढेच बदलले जाते आणि महिनाभरात पुन्हा ओघळ दिसू लागतो. काही आसांत मात्र हबची बेअरिंगे डिफरन्शियलच्याच तेलावर चालतात आणि तेथे आतले सील नसतेच. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे निर्मात्याच्या हस्तपुस्तिकेवरून आधी पाहून घ्यावे.

कातड्यापासून रबरापर्यंत

सुरुवातीच्या मोटारींत तेल अडवण्यासाठी नमदा आणि कातडे वापरले जाई. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग ही मुळात कातडी कमावणारी कंपनी. मोटार उद्योगासाठी कातड्याची सीले करता करता १९३० च्या दशकात तेथे वाल्टर झिमर यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘झिमरिंग’ तयार झाले. धातूचे कडे, त्यात बसवलेला लवचीक ओठ आणि त्या ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, अशी ही रचना. पुढे कातड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. पण मूळ तत्त्व आजही तेच आहे.

या ओठाचे काम साधे नाही. ९.००-२० आकाराचा ट्रकचा टायर किलोमीटरमागे तीनशेहून अधिक फेरे घेतो. मुंबई ते पुणे या एका प्रवासात सील सुमारे ४५ हजार फेऱ्यांचे घर्षण सोसते. ओठ आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा अतिसूक्ष्म थर असतो, म्हणूनच ते शक्य होते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की हा थर ओसरतो, रबर एकाच जागी दबून राहते आणि कडक होते. पुन्हा गाडी सुरू केल्यावर कोरडा ओठ धातूवर घासतो आणि फाटतो.

गळतीचे निदान

प्रथम गळणारा द्रव कोणता, ते ठरवावे. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. हायड्रॉलिक ब्रेकचे नेहमीचे ग्लायकोलयुक्त तेल पातळ असते. शंका असल्यास बशीभर पाण्यात एक थेंब सोडावा. गिअर ऑइल वर तरंगते. ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. ते मिसळले तर दोष सीलचा नसून चाकातील ब्रेक सिलिंडरचा आहे, असे समजावे.

त्यानंतर गळतीची जागा पाहावी. तेल चाकाच्या बाहेरच्या बाजूला, तबकडीच्या कडेने पसरलेले असेल, तर तबकडीखालचे गॅस्केट फाटलेले किंवा नट सैल झालेले असण्याची शक्यता अधिक. तेल आतल्या बाजूला, ब्रेकच्या पाठपत्र्यावरून उतरत असेल, तर सील तपासणे भाग आहे.

सील का बिघडले, हा खरा प्रश्न असतो आणि घाईत नेमका तोच राहून जातो. सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे आसावरची श्वासनळी, अर्थात ब्रीदर. चालत्या गाडीत आसातील तेल व हवा तापते. तापमान ३० अंश सेल्सिअसवरून ९० अंशांवर गेले, तर बंद जागेतील हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. हा दाब ब्रीदरमधून बाहेर पडावा अशी योजना असते. ब्रीदर मातीने किंवा रंगाच्या थराने बुजला असेल, तर दाब सीलच्या ओठातून वाट काढतो व सोबत तेलही नेतो. नव्याने रंगवलेल्या हौशी गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. याच्या उलटही घडते. तापलेला आस ओढ्याच्या पाण्यात उतरला, की आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ झालेले दिसले, तर पाणी शिरल्याचे ते लक्षण होय.

दुसरे कारण प्रमाणाबाहेर भरलेले तेल. तिसरे म्हणजे बेअरिंगमधील ढिलाई. हब डुगडुगत असेल, तर ओठ एका बाजूने दबतो आणि दुसऱ्या बाजूने उघडा पडतो. चौथे कारण म्हणजे सील ज्या पृष्ठभागावर फिरते, तेथे वर्षानुवर्षांच्या घर्षणाने पडलेला चर. या कारणांचा बंदोबस्त न करता केवळ सील बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे आहे.

सुरक्षिततेची पूर्वतयारी

काम सपाट आणि कठीण जमिनीवरच करावे. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावाव्यात. या ठिकाणी जुन्या ट्रकांबाबत एक महत्त्वाचा इशारा आवश्यक आहे. अनेक जुन्या ट्रकांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या लांब दांड्यावर काम करतो. मागचे एक चाक उचलले किंवा एका बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर काढला, की डिफरन्शियलमुळे दुसऱ्या बाजूचे चाक मोकळे फिरू शकते. मग हा हँडब्रेक आवळलेला असो वा गाडी गिअरमध्ये असो, ती जागेवर राहण्याची खात्री उरत नाही. अशा वेळी गाडी थांबवून धरतात त्या केवळ चाकांखालच्या पाचरी.

जॅक आसाच्या नळीखाली लावावा आणि गाडी उचलल्यावर नळीखाली मजबूत घोडी ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडीऐवजी वापरणे धोक्याचे आहे, कारण ते पूर्वसूचना न देता फुटतात.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. ड्रम उघडल्यावर हवेच्या नळीने धूळ उडवण्याची गॅरेजमधील सवय म्हणूनच टाळायला हवी. धूळ पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. तोंडावर योग्य मुखपट्टी असावी.

उघडण्याचे काम

आसातील तेल काढून घ्यावे. चाकाचे नट सोडवताना आट्यांची दिशा पाहावी, कारण अनेक जुन्या ट्रकांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. हे माहीत नसल्यास नट सोडवण्याऐवजी आणखी आवळला जातो आणि स्टड तुटतो.

त्यानंतर मधल्या तबकडीचे नट काढावेत. काही गाड्यांत या स्टडवर निमुळत्या फटीच्या चकत्या बसवलेल्या असतात. तबकडीच्या मध्यभागी हातोडीचे दमदार ठोके दिल्यावर त्या सैल होतात. तबकडीखाली छिन्नी ठोकून ती उचकटू नये; पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि नवे गॅस्केटही मग गळते. दांडा सरळ बाहेर ओढावा व त्याचे वजन आतल्या सीलवर पडू देऊ नये.

ड्रम काढण्यापूर्वी ब्रेकचे शू मागे घेणे आवश्यक आहे. झिजलेल्या ड्रमच्या आत कडेला एक उंचवटा तयार झालेला असतो आणि त्यात शू अडकतात. पुढे कुलूप-नट, दुमडलेली चकती आणि समायोजनाचा नट क्रमाने काढून हब बाहेर घ्यावा. ट्रकचा हब ड्रमसह बराच जड असतो. तो उतरवताना दोन माणसे असावीत.

जुने सील काढण्याआधी ते किती खोल बसले आहे आणि त्याचा ओठ कोणत्या दिशेला आहे, याची नोंद करावी. ते काढताना बसण्याच्या जागेवर ओरखडा पडता कामा नये. नव्या सीलसाठी तीन मापे लागतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. सीलवर ती बहुधा कोरलेली असतात. अमेरिकी आणि ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत मापे इंचांत असल्याने ‘जवळपासचे’ मिलिमीटर सील घेण्याचा मोह होतो. तो टाळून दांडा व बसण्याची जागा व्हर्नियरने मोजावी आणि नेमके माप मागावे. पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा परिसर येथील सुट्या भागांच्या बाजारात जुने सील नमुन्यादाखल घेऊन गेल्यास काम सोपे होते. मात्र वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले ‘ओरिजिनल’ सील कडक झालेले असू शकते. मूळ नाव असलेल्या जुन्या सीलपेक्षा त्याच मापाचे नवे सील अधिक उपयोगाचे ठरते.

तपासणी आणि जोडणी

सील ज्या धातूवर फिरते, त्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर चर पडला आहे, असे समजावे. किरकोळ खडबडीतपणा बारीक पॉलिश पेपरने घालवता येतो. मात्र पेपर परिघाच्या दिशेने फिरवावा. तिरक्या रेघा उमटल्या, तर त्या स्क्रूच्या आट्यांसारखे काम करून तेल बाहेर खेचतात. चर खोल असल्यास सुमारे पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही त्यावर चढवता येते. तीही न मिळाल्यास लेथवर काम करून घ्यावे लागते. काही वेळा सील मूळ जागेपासून किंचित अलीकडे बसवल्यास ओठाला न झिजलेला पृष्ठभाग मिळतो. मात्र त्यासाठी पुरेशी जागा आहे ना, हे आधी पाहावे.

बेअरिंगे रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडी करावीत. हवेच्या झोताने ती गरगर फिरवू नयेत. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले, तर बेअरिंग बाहेरच्या कड्यासह बदलावे. जुने ग्रीस संपूर्ण काढूनच नवे भरावे, कारण वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस एकत्र आली की काही वेळा पातळ होऊन वाहू लागतात.

नवे सील बसवताना स्प्रिंग असलेली बाजू ज्या द्रवाला अडवायचे आहे, त्याच्याकडे असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. ओठाला तेल लावावे. कातडी सील असल्यास ते आधी तेलात भिजत ठेवावे. सील सरळ आत गेले पाहिजे. त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा किंवा सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलक्या ठोक्यांनी ते बसवावे. कडेवर थेट हातोडी मारल्यास धातूचे कडे वाकते आणि नवे सील पहिल्या दिवसापासून गळू लागते. दांडा परत घालताना त्याच्या टोकाचे दाते सीलच्या ओठाला लागू नयेत, यासाठी तो दोघांनी सांभाळून सरळ सरकवावा.

हबच्या बेअरिंगचे समायोजन हा कौशल्याचा भाग आहे. सर्वसाधारणपणे हब हाताने फिरवत नट आवळला जातो आणि जडपणा जाणवल्यावर तो ठरावीक प्रमाणात मागे घेतला जातो. किती मागे घ्यायचा, हे त्या गाडीच्या हस्तपुस्तिकेनुसारच ठरवावे. फार घट्ट बेअरिंग तापून जाम होते आणि सैल बेअरिंग नवे सीलही खराब करते. कुलूप-चकती शक्यतो नवी वापरावी.

लायनर, तेल आणि ब्रीदर

तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा ज्योतीवर भाजून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. ती सोडून द्यायला हवी. लायनर सच्छिद्र असते. पृष्ठभाग कोरडा दिसला, तरी आत मुरलेले तेल उतारावर ब्रेक तापताच पुन्हा वर येते. लायनर बदलायचे ते दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, अन्यथा दोन चाकांची पकड वेगवेगळी राहते आणि गाडी एका अंगाला ओढते. ड्रमही ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करावा.

ब्रीदर काढून धुवावा आणि त्यातून हवा आरपार जाते, याची खात्री करावी. नवे तेल भरताना गाडी सपाट जागेवर असावी आणि पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच राहावी. तेलाची निवड हस्तपुस्तिकेनुसार करावी. हायपॉइड दाते असलेल्या आसाला जास्त दाब सोसणारे तेल लागते; तर काशाचे भाग असलेल्या काही जुन्या आसांना आधुनिक तेलांतील तीव्र गंधकयुक्त घटक बाधतात. गळती थांबावी म्हणून अधिक दाट तेल भरणे किंवा रबर फुगवणारी रसायने घालणे, हे तात्पुरते उपाय आहेत. फाटलेला ओठ त्यांनी सांधला जात नाही.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

काम पूर्ण झाल्यावर प्रथम मोकळ्या जागेत कमी वेगाने ब्रेक तपासावा. त्यानंतर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा. दोन्हीकडे सारखीच ऊब असेल, तर ठीक. एक बाजू लक्षणीय तापली असल्यास बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक अडकतो आहे. तबकडीचे व चाकाचे नट पुन्हा एकदा तपासावेत आणि गाडी रात्रभर स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करावी. सकाळी पुठ्ठा कोरडा असला, की दुरुस्ती साधली असे म्हणता येते.

पुढे ती टिकवण्याचा उपाय मात्र अगदी साधा आहे. गाडी महिन्यातून एकदा तरी काही किलोमीटर चालवावी, म्हणजे सीलच्या ओठाला तेल मिळत राहते. तेलाची पातळी व ब्रीदर वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, पाहावा. आणि पुन्हा कधी चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसलाच, तर ड्रम उघडून पाहीपर्यंत त्या गाडीने घाटाची वाट धरू नये.